मेटल डिटेक्टरला दरवेळी कुजलेली नाणीच का लागतात? कारणं आणि उपाय

सिग्नल चांगला येतो. कॉइल, म्हणजे डिटेक्टरची जमिनीवरून फिरवायची चकती, पुन्हा फिरवली की पडद्यावरचा आकडा थोडा खाली-वर होतो, पण आवाज स्वच्छ असतो. पिनपॉइंटर (नेमकी जागा दाखवणारा हातातला छोटा डिटेक्टर) लावून ढेकूळ फोडावं, तर आत नाण्याच्या आकाराची एक करडी चकती. कड उंदरानं कुरतडल्यासारखी, पृष्ठभागावर फोड, आणि बोटानं जरा दाबलं की पापुद्रा सुटून हातात येतो. साल वाचता आलं तर ते जेमतेम पंधरा-वीस वर्षांपूर्वीचं. आणि तिथूनच हातभर अंतरावर शंभर वर्षांपूर्वीचं ब्राँझचं नाणं निघतं, ज्याची अक्षरं अजून नखाला लागतात.

हे एकदा झालं तर माणूस सोडून देतो. पण काही जागांवर दहातली सात-आठ नाणी अशीच निघतात. मग कुणी मशीनला दोष देतं, कुणी जागा सोडतं आणि कुणी त्या नाण्याचा आकडाच नॉच करून टाकतं, म्हणजे त्या आकड्याला मशीननं गप्प राहावं अशी सोय करतं. यातला तिसरा उपाय सगळ्यात महागात पडतो, त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे. माझं म्हणणं असं की नाणं किती वर्षं जमिनीत होतं याला फारसं महत्त्व नाही. ते कशाचं आणि कसं बनवलं आहे, यावर त्याचं कुजणं ठरतं. तेवढं ओळखता आलं की मशीनचं वागणं कळतं, आणि कोणतं नाणं कसं साफ करायचं हेही कळतं.

नाण्याच्या पोटात काय आहे?

रंगानं तांबूस दिसणाऱ्या आजच्या बहुतेक नाण्यांत तांबं नावापुरतंच असतं. अमेरिकेचा एक सेंट 1982 पर्यंत 95 टक्के तांब्याचा होता आणि त्याचं वजन 3.11 ग्रॅम भरायचं. त्या वर्षी तो जस्ताचा झाला. तेव्हापासून 2025 मध्ये चलनासाठी पाडणं थांबेपर्यंत त्यात 97.5 टक्के जस्त आणि फक्त 2.5 टक्के तांबं असायचं, वजन 2.5 ग्रॅम. वरचा तांब्याचा मुलामा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही पातळ. 1982 साली दोन्ही प्रकार पाडले गेले, त्यामुळे त्या सालाचं नाणं सापडलं तर वजन करूनच ओळखावं लागतं. ब्रिटनची 1 आणि 2 पेनीची नाणी 1992 पासून ब्राँझऐवजी तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाची झाली. 5 आणि 10 पेनीची 2012 पासून निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादाची आहेत. यूरोच्या 1, 2 आणि 5 सेंटच्या पोटातही पोलादच आहे. न्यूझीलंडनं 2006 साली आपली लहान नाणी अशीच मुलाम्याच्या पोलादावर आणली. कारण सगळीकडे एकच: धातू महाग झाला आणि नाण्याची किंमत तेवढीच राहिली.

ही सगळी नाणी खिशात असेपर्यंत उत्तम चालतात. जमिनीत पडल्यावर मात्र त्यांचा घात होतो, आणि तो करणारा त्यांचा मुलामाच असतो.

दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटलेले आणि दोघांना भिजवणारी ओल, एवढ्यावर एक छोटी बॅटरी तयार होते. त्यात जो धातू जास्त क्रियाशील असतो तो विरघळत जातो आणि दुसरा सुरक्षित राहतो. विद्युत-रासायनिक श्रेणीत जस्त उणे 0.76 व्होल्टवर, लोखंड उणे 0.44 वर आणि तांबं अधिक 0.34 वर आहे. म्हणजे तांब्याच्या शेजारी जस्त असो की लोखंड, झिजणार तेच. मुलामा अखंड असेपर्यंत पाणी आत पोचत नाही. पण एक ओरखडा उठला, गवत कापायच्या यंत्राचं पातं लागलं, खडीवर बुटाखाली घासलं गेलं, की खेळ सुरू. आता तांब्याचा पृष्ठभाग मोठा आणि उघडं पडलेलं जस्त टाचणीच्या टोकाएवढं. सगळा प्रवाह त्या टोकावरच एकवटतो आणि जस्त आतून पोखरलं जातं. म्हणूनच अखंड जस्ताच्या तुकड्यापेक्षा मुलामा फाटलेलं जस्ताचं नाणं लवकर मरतं.

भिंग घेऊन एक नाणं नीट पाहा. फोड कुठे येतात? बहुतेक वेळा अक्षरांच्या पायथ्याशी आणि कडेलगत. ठसा मारताना धातू तिथेच सर्वात जास्त ताणला जातो, त्यामुळे मुलामाही तिथे विरतो. फोडाखाली पांढरी किंवा करडी बुकटी असते, ती जस्ताची संयुगं. सुईच्या टोकानं फोड उचलला की तांब्याची अंड्याच्या टरफलासारखी पातळ साल सरळ वर येते आणि खाली खड्डा. रसायनशास्त्राच्या वर्गात 1982 नंतरच्या सेंटच्या कडेला कानशीनं खाचा पाडून तो हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवण्याचा प्रयोग करतात. काही तासांत आतलं सगळं जस्त निघून जातं आणि तांब्याची पोकळ डबी तरंगायला लागते. जमीन तेच काम सावकाश करते.

पोलादी नाण्याचं वेगळं. लोखंडाचा गंज मूळ धातूच्या दुपटीहून जास्त जागा घेतो, त्यामुळे तो मुलाम्याला खालून ढकलत बाहेर येतो आणि आजूबाजूची माती, वाळू, खडे सगळं स्वतःत घट्ट बांधून घेतो. मग हातात येतो तो तपकिरी गोळा. चुंबकाला चिकटतो, वजनाला हलका लागतो, आणि फोडला तर मध्ये चकतीचा नुसता ठसा.

कुप्रो-निकेलची, म्हणजे 75 टक्के तांबं आणि 25 टक्के निकेल असलेली नाणी जमिनीतून लालसर-तपकिरी होऊन येतात. दिसायला भीती वाटते, पण हे पृष्ठभागापुरतं असतं, आतला धातू शाबूत असतो. अमेरिकेच्या 1965 नंतरच्या डाइम आणि क्वार्टरमध्ये तांब्याच्या गाभ्यावर दोन्ही बाजूंनी हाच मिश्रधातू असतो, तीही बरीच टिकतात. स्टेनलेस स्टीलची नाणी (भारतानं 1988 पासून लहान मूल्यांसाठी 17 टक्के क्रोमियम असलेलं फेरिटिक पोलाद वापरलं) तर धुतली की जवळजवळ नव्यासारखी दिसतात, कारण क्रोमियमचा अदृश्य थर लोखंडाला झाकून ठेवतो. ॲल्युमिनियमची नाणी मात्र खाऱ्या किंवा चुनखडी मातीत पांढरी पडून खड्ड्या-खड्ड्यांची होतात. ॲल्युमिनियमला आम्लही सोसत नाही आणि अल्कलीही नाही.

एक जुना अपवाद सांगायला हवा. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीनं आणि तिनं व्यापलेल्या अनेक देशांत जस्ताची नाणी पाडली गेली, कारण तांबं आणि निकेल दारूगोळ्याला लागत होतं. त्यांवर मुलामाही नव्हता. करडी, खरखरीत, कडेला विरलेली चकती निघाली तर ती लगेच आजची समजून टाकू नका. तारीख पाहा.

मशीन असं का वागतं?

डिटेक्टर नाण्यात भोवऱ्यासारखे प्रवाह तयार करतो आणि ते किती वेळ टिकतात यावरून टार्गेट आयडी, म्हणजे पडद्यावरचा तो आकडा, काढतो. धातू जितका चांगला वाहक आणि चकती जितकी मोठी, तितका आकडा वर. तांब्याची वाहकता 100 धरली तर जस्ताची साधारण 28 येते आणि कुप्रो-निकेलची जेमतेम 5. म्हणून एकाच आकाराची नाणी वेगवेगळ्या ठिकाणी बोलतात.

आता महत्त्वाची गोष्ट. हे प्रवाह चकतीच्या मध्यापेक्षा कडेलगत जास्त जोरात फिरतात. आणि नाणं आधी कुजतं तेही कडेलाच. कडेचा एक तुकडा गळाला की प्रवाहाची वाटच तुटते, त्याला आतल्या लहान वळणानं जावं लागतं. मशीनला ते नाणं लहान आणि वाईट वाहकाचं वाटायला लागतं. जस्ताचं नाणं ताजं असताना जो आकडा देतं, तो कुजत गेल्यावर घसरत घसरत कॅनच्या कड्या, स्क्रूची झाकणं आणि फॉइलच्या पट्ट्यात येतो. कड सगळीकडे सारखी खाल्लेली नसते, त्यामुळे कॉइल एका दिशेनं फिरवली तर एक आकडा आणि काटकोनात फिरवली तर दुसरा. सुरुवातीला म्हटलेलं ते खाली-वर होणं याचंच. मशीन बरोबर आहे, नाणं मोडकं आहे.

पोलादी नाण्यांचा घोटाळा वेगळा. लोखंड चुंबकीय असल्यानं खालचा घोगरा आवाज येतो, पण सपाट चकती आणि वरचा वाहक मुलामा यामुळे मध्येच उंच स्वरही उमटतो. बाटलीचं पत्र्याचं बूच अगदी असंच बोलतं. मशीनमध्ये लोखंडाचे सिग्नल बंद करून फिरणाऱ्याला ही नाणी तुटक, चिरकलेली ऐकू येतात किंवा येतच नाहीत.

मग करायचं काय? माझा पहिला आग्रह, नॉच करू नका. ज्या पट्ट्यात कुजलेलं जस्त घसरून येतं, त्याच पट्ट्यात सोन्याच्या अंगठ्या बोलतात. सोनं बहुधा मिश्रधातूच असतं आणि अंगठीचा आकार, जाडी, कॅरट प्रत्येकीचं वेगळं, म्हणून तिचा आकडा ठरलेला नसतो. कुजकी नाणी नकोत म्हणून तो पट्टा बंद केला, तर ज्या एका वस्तूसाठी लोक वर्षानुवर्षं फिरतात तीच आपण स्वतःच्या हातानं बंद केलेली असते. हे मी कळकळीनं लिहिते आहे, कारण पहिली दीड वर्षं मी हेच करत होते. नॉच काढल्यानंतर त्याच मैदानातून, जिथे मी आधी तीनदा फिरून गेले होते, मला एक लहान अंगठी मिळाली. शेजारच्याच खड्ड्यात दोन कुजलेले सेंट होते आणि आकडा तिन्हींचा जवळजवळ एकच.

त्यापेक्षा हे करा. घरी आणलेली कुजकी नाणी फेकू नका. त्यातली पाच-सहा निवडा: एक फक्त डाग पडलेलं, एक फोड आलेलं, एक कड गेलेलं, एक अर्धं. शिवाय एक ताजं. मशीनच्या नेहमीच्या सेटिंगवर प्रत्येकाचा आकडा चार दिशांनी घ्या आणि वहीत लिहा. मग ती साधारण 8 ते 10 सेंटिमीटर खोल पुरून पुन्हा घ्या. प्रत्येक मशीनची मोजपट्टी वेगळी, म्हणून दुसऱ्याचे आकडे पाठ करण्यात अर्थ नाही. तुमच्या मशीनवर नाणं किती घसरतं आणि किती हलतं, हे तुमच्याच वहीत असायला हवं. साधारण अंदाज इतका धरता येईल: नाणं कुजलेलं असलं तरी अजून गोल आहे तोवर आकडा थोडक्याच जागेत हलतो आणि आवाज दोन्हीकडून सारखाच थांबतो. चुरगळलेल्या फॉइलचा आकडा उड्या मारतो. अंगठी बहुधा एका आकड्यावर घट्ट बसते. बहुधा म्हणते आहे, कारण चपटी झालेली किंवा तुटलेली अंगठीही कुजक्या नाण्यासारखी हलते. शंका असेल तिथे खणावं लागतंच.

पोलादी बुचासाठी एक जुनी युक्ती चालते. कॉइल सिग्नलवरून हळूहळू मागे घ्या, टोक जेमतेम वस्तूच्या कडेवर येईपर्यंत. बूच आणि गंजलेलं पोलाद इथे लोखंडासारखं घोगरं होतं, वाहक धातूचं नाणं शेवटपर्यंत स्वच्छ बोलून एकदम गप्प होतं. मशीनमध्ये लोखंडाचा कल (आयर्न बायस, म्हणजे शंकेचा सिग्नल लोखंडात धरण्याची मशीनची ओढ) कमी-जास्त करायची सोय असेल तर ती एका घराहून जास्त बदलू नका, नाहीतर खिळ्याशेजारी पडलेलं चांगलं नाणंही दबून जातं.

आणि सेन्सिटिव्हिटी. आजची नाणी बहुतेक वरच्या वीतभर थरातच असतात. तिथे सेन्सिटिव्हिटी टोकाला नेऊन ठेवली तर उथळ वस्तूचा आकडा आणखी नाचतो. दोन-तीन घरं खाली आणा, ग्राउंड बॅलन्स (मशीन तिथल्या मातीशी जुळवून घेणं) नव्यानं करा, मग ठरवा.

जागा दोषी आहे का?

थोडीफार असते. आम्लधर्मी माती, मिठाचा अंश, हवा खेळती असणं आणि सतत ओलं-सुकं होणं, या चारांतलं जितकं जास्त तितकी नाणी वाईट. बर्फ वितळवायला मीठ टाकतात त्या रस्त्यांच्या कडा, रासायनिक खतं पडलेली शेतं, सूचिपर्णी झाडांखालची जमीन आणि समुद्राची भरतीरेषा, इथे जस्त आणि पोलादाची आशा धरू नये. चिखलाच्या हवाबंद थरातली नाणी काळी निघतात, ती सल्फाइडमुळे. ती बऱ्याचदा आतून चांगली असतात.

तपासायचं असेल तर खड्ड्यातली चमचाभर माती डिस्टिल्ड वॉटरमध्ये ढवळा, गाळ बसू द्या आणि वरच्या पाण्यात पीएच पट्टी बुडवा. 5.5 च्या खाली आली तर नाण्यांची दशा कशामुळे झाली हे वेगळं शोधायला नको. पण अशी जागा सोडू नका. त्याच मातीत चांदी आणि सोनं आरामात टिकतं.

काढताना मोडतात त्याचं

फोड आलेलं नाणं ओल्या मातीत असताना सगळ्यात नाजूक असतं. पिनपॉइंटरनं जागा पक्की झाली की खुरपं नाण्यापासून चार बोटं दूर घाला आणि मातीचा पूर्ण गोळाच उचला. गोळा हातात बाजूनं मोडा. अंगठ्यानं घासून तारीख पाहायचा मोह सगळ्यांना होतो, आणि त्या एका घासण्यात मातीतली वाळू मुलामा घेऊन जाते. नाणं मातीसकट डबीत टाका. खड्डा बुजवून गवताचं ढेकूळ परत बसवा. आणि जमीन ज्याची आहे त्याची परवानगी आधीच घेतलेली असावी, हे सांगायला नकोच.

साफसफाई: इथेच जास्त नाणी वाया जातात

घरी आल्यावर पहिलं काम वर्गवारी. चुंबक फिरवा, चिकटली ती पोलादी एका भांड्यात. उरलेली तांबूस नाणी दशांश ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर ठेवा, 3.1 ची वेगळी, 2.5 ची वेगळी. पांढरी कुप्रो-निकेलची वेगळी. जुनी, अनोळखी किंवा चांदीसारखी वाटणारी कोणतीही वस्तू या कामातून बाहेरच ठेवा. ती डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत घाला, रोज पाणी बदला, आणि लाकडी टूथपिकपलीकडे तिला काही लावू नका.

जस्ताच्या नाण्यांना व्हिनेगर, लिंबू, चिंच, कोणतंही आम्ल लावायचं नाही. आम्ल मुलाम्याच्या भोकातून आत शिरतं, जस्त विरघळतं आणि हायड्रोजन निघतो. झाकण घट्ट लावलेल्या बरणीत हे केलं तर दाब साठतो, बरणी फुटू शकते. जस्ताला फक्त साबणाचं कोमट पाणी, मऊ ब्रश आणि ताबडतोब सुकवणं. आलेला खड्डा कशानंही भरून येत नाही.

कुप्रो-निकेल आणि क्लॅड (डाइम-क्वार्टरसारख्या थर चढवलेल्या) नाण्यांना टम्बलर, म्हणजे सतत फिरणारा डबा, चालतो: मत्स्यटाकीतली बारीक खडी, पाणी, थोडा भांडी धुण्याचा साबण आणि हवं तर चमचाभर व्हिनेगर. अर्ध्या-अर्ध्या तासानं उघडून पाहा. पण त्यात तांब्याचं किंवा तांब्याच्या मुलाम्याचं एकही नाणं चुकून जाऊ देऊ नका. आम्लात उतरलेलं तांबं पांढऱ्या नाण्यांवर बसतं आणि सगळी खेप गुलाबी होऊन बाहेर येते. मग ती पुन्हा पांढरी करणं फार कटकटीचं काम आहे.

पोलादी नाणी धुतल्यावर हेअर ड्रायरनं सुकवा आणि तेलाचा पुसट हात फिरवा, नाहीतर रात्रीत नवा गंज दिसतो. इलेक्ट्रोलिसिसची (पाण्यात वीज सोडून साफ करण्याची) भुरळ पडत असेल तर दोनच गोष्टी सांगते. जस्ताच्या आणि मुलाम्याच्या नाण्यांवर ते करू नका, उरलेला मुलामाही सुटतो. आणि स्टेनलेस स्टीलचा ॲनोड (धन टोक) मिठाच्या पाण्यात कधीच वापरू नका. त्यातून षट्संयोजी क्रोमियम तयार होऊ शकतं, ते विषारी आहे.

तांब्या-ब्राँझची साफ करून ठेवलेली नाणी काही आठवड्यांनी फिकट हिरव्या पुडीनं भरली, विशेषतः समुद्राकाठची, तर ती नुसती झटकून परत डबीत ठेवू नका. आत अडकलेलं क्लोराइड हवेतल्या ओलीशी पुन्हा पुन्हा क्रिया करत राहतं. अशी नाणी डिस्टिल्ड वॉटरमध्ये दीर्घकाळ भिजवून क्लोराइड काढा, सुकवा आणि मग वेगळ्या हवाबंद डबीत सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.

उरलेल्या तुकड्यांचं

अर्धं खाल्लेलं जस्ताचं नाणं निघालं की ते परत खड्ड्यात टाकून वर माती ओढण्याची सवय अनेकांना असते. तसं करू नका. एक तर पुढच्या फेरीत तोच सिग्नल पुन्हा खणावा लागतो. दुसरं जास्त गंभीर. जस्ताचं नाणं कुत्र्यानं किंवा लहान मुलानं गिळलं, तर पोटातलं आम्ल उघड्या जस्तावर तसंच काम करतं जसं त्या प्रयोगशाळेतल्या भांड्यात होतं. कुत्र्यांमध्ये त्यानं तांबड्या रक्तपेशी फुटून जीव जाऊ शकतो. कुजक्या नाण्याचा तर मुलामा आधीच गेलेला असतो. म्हणून माझ्या कमरेच्या पिशवीला दोन कप्पे आहेत. मागच्यात कड्या, फॉइल, बुचं आणि हे करडे तुकडे जातात, आणि घरी आल्यावर तो कप्पा धातूच्या भंगारात रिकामा होतो.